साधकबाधक चर्चा

संघटनेचा सभासद होण्याची मला खोड आहे. कोणाला पान खाण्याची असते, कोणाला दुसऱ्याच्या लग्नात वाढप करायला धावण्याची असते, तशी. पावतीपुस्तक घेऊन कोणी दारात उभं राहिलं की माझा हात आपोआप खिशाकडे जातो. चंद्रपुरात जटपुरा गेटपासून अंचलेश्वर गेटपर्यंत चालत गेलो तर वाटेत निदान चार अध्यक्ष भेटतात, आणि चौघांचंही माझ्याकडे काहीतरी येणं निघतं.

साधा सभासद असतो तर गोष्ट वेगळी. पण माझं अक्षर चांगलं. त्यामुळे जिथं गेलो तिथं लोकांनी मला सेक्रेटरी केलं. सेक्रेटरीचं खरं काम इतिवृत्त लिहिणं, आणि इतिवृत्त लिहिणं ही एक कला आहे. सभेत दोघं एकमेकांच्या अंगावर धावून गेले, तर लिहायचं, ‘सभासदांनी आपली मते हिरिरीने मांडली.’ अर्धे लोक रागावून निघून गेले, तर ‘वेळेअभावी सभा आटोपती घेण्यात आली.’ आणि सगळ्यांना ज्याची भीती वाटते असा प्रश्न कोणी उभा केला, तर ‘सदर विषयावर साधकबाधक चर्चा होऊन विषय पुढील सभेपर्यंत तहकूब करण्यात आला.’ हे शेवटचं वाक्य मी आयुष्यात इतक्या वेळा लिहिलं आहे, की झोपेत कोणी हातात पेन दिलं तरी तेच उतरेल.

या कलेचा मला चांगलाच अभिमान होता. तो उतरवला माझ्या भाचीनं.

माझी भाची पुण्याला गेम करते. हे वाक्य मी पहिल्यांदा शेजाऱ्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी खुर्ची जरा मागे घेतली. हिंदी सिनेमांनी ‘गेम करणे’ याला भलताच अर्थ आणून ठेवला आहे. मग मी खुलासा केला, की ती कॉम्प्युटरवरचे आणि मोबाईलवरचे खेळ तयार करणाऱ्या कंपनीत आहे, आणि खेळातल्या जंगलातली झाडं काढणं हे तिचं काम. त्यावर वनखात्यातून निवृत्त झालेल्या दुसऱ्या शेजाऱ्यांनी डोळे बारीक केले. ‘काढणं’ म्हणजे चित्र काढणं, तोडणं नव्हे, हेही सांगावं लागलं.

मागच्या महिन्यात एका रात्री दीड वाजता फोन वाजला. आमच्या वयात त्या वेळचा फोन म्हणजे आधी भिंतीला हात लावून उभं राहायचं आणि मग उचलायचा. पलीकडून आवाज आला, “मामा, मोहाचं पान टोकाला कसं असतं हो?”

“अगं, कोण गेलं?”

“कोणी नाही गेलं. उद्या सकाळी जंगल द्यायचंय. साहेब म्हणतात झाडं खरी वाटत नाहीत.”

मी मोहाचं पान सांगितलं. मग तेंदूचं सांगितलं, ऐनाच्या खोडाची मगरीच्या पाठीसारखी साल सांगितली. ताडोब्याचं जंगल तिच्या आजोळापासून गाडीनं तासाभरावर. पण तीन दिवाळ्या झाल्या, पोरगी इकडे फिरकलेली नाही, कारण ती तिकडे जंगल तयार करत असते. सकाळी दहाला जाते, रात्री बारा-एकला येते, रविवारसुद्धा सुटत नाही. तिच्या खेळात एक वाघ आहे. खरा वाघ दिवसाचा बराच वेळ झोपून काढतो, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, “नशीबवान आहे.”

या प्रकाराला त्यांच्यात ‘क्रंच’ म्हणतात. मला आधी वाटलं बिस्किटांचा काही प्रकार असेल. तर क्रंच म्हणजे खेळ बाजारात जायच्या आधीची घाई. आता घाई आम्हाला नवीन नाही. मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम लागला की गडचिरोलीकडची गावंच्या गावं पहाटे उठून जंगलात जातात. पण तो हंगाम काही दिवसांचा. पान जून झालं की संपलं. निसर्गानं लावलेली घाई संपते. माणसानं लावलेली संपत नाही, मुरते. भाचीचा क्रंच आषाढात सुरू झाला होता आणि आता थंडी पडली होती.

पण तिनं फोन नुसत्या पानासाठी केला नव्हता. थोडं थांबून म्हणाली, “मामा, तुम्ही तर संघटनेचे सेक्रेटरी होते ना? एक विचारायचं होतं.”

तिच्या धंद्यातल्या लोकांचं एक मंडळ आहे. त्यात खेळ काढणारे आहेत, लिहिणारे आहेत, शिकाऊ पोरं आहेत, आणि कंपन्यांचे मोठे साहेबही आहेत. किंबहुना तिच्याच कंपनीचे साहेब मंडळावर मानाच्या जागी आहेत. पुढच्या शनिवारी सभा. कामाच्या तासांबद्दल मंडळानं आपली भूमिका जाहीर करावी, असा ठराव मांडावा का, हा तिचा प्रश्न. मैत्रिणी म्हणत होत्या, कशाला? मंडळ सर्वांचं आहे, त्यात भांडण आणू नये.

मी म्हटलं, “मला दोन दिवस दे.” फोन ठेवल्यावर लक्षात आलं, की मी विषय तहकूब केला.

दोन दिवसांत मी थोडी चौकशी केली. तेव्हा कळलं की हे भांडण पोरीनं नव्यानं काढलेलं नाही. अमेरिकेत ते वीस वर्षांहून जास्त काळ चालू आहे. तिथं १९९४ साली खेळ तयार करणाऱ्यांची एक संघटना निघाली. तिचं आजचं नाव इंटरनॅशनल गेम डेव्हलपर्स असोसिएशन. हिच्यातही नोकर आणि मालक एकाच सतरंजीवर. २००४ साली या संघटनेनं स्वतःच एक अहवाल काढला. त्यात पाहणीला उत्तर देणाऱ्या शंभरातल्या एक्कावन्न जणांनी सांगितलं, की दहा वर्षांत आम्ही हा धंदा सोडलेला असेल. लोकांना खेळवण्याच्या धंद्यातून निम्मे लोक पळून जायच्या बेतात! त्याच वर्षी नोव्हेंबरात एका बाईनं निनावी पत्र प्रसिद्ध केलं. तिचा होणारा नवरा इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या बड्या कंपनीत होता, आणि सकाळी नऊ ते रात्री दहा, आठवड्याचे सातही दिवस राबत होता. ही बाई म्हणजे एरिन हॉफमन, हे जगाला २००६ साली कळलं. दरम्यान कर्मचारी कोर्टात गेले होते. कंपनीला चित्रकारांच्या दाव्यात १ कोटी ५६ लाख डॉलर आणि प्रोग्रामरांच्या दाव्यात १ कोटी ४९ लाख डॉलर मोजून तडजोड करावी लागली.

म्हणजे जे संघटनेच्या अहवालानं झालं नाही, ते एका बाईच्या पत्रानं आणि वकिलांच्या नोटिशीनं झालं. अहवालात चूक काहीच नव्हती. फक्त त्यात कोणाचं नाव नव्हतं, आणि कोणाचं नाव नसलेला अहवाल वाचून कोणालाच वाईट वाटत नाही. इतिवृत्त लिहिणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

खरी गंमत पुढेच आहे. २००८ च्या नोव्हेंबरात संघटनेच्याच एका परिसंवादात माइक कॅप्स नावाचे गृहस्थ बोलले. हे एपिक गेम्स कंपनीचे अध्यक्ष, आणि संघटनेच्या संचालक मंडळावरही होते. आठवड्याला ६० तासांवर काम ही आमच्या कंपनीची रीत आहे आणि ती मानवणारी माणसंच आम्ही घेतो, अशा आशयाचं ते बोलले, असं टीकाकारांनी मांडलं, आणि २००९ साली सभासदांत एकच गदारोळ झाला. सभासदांचं जगणं सुधारावं म्हणून अहवाल काढणाऱ्या संघटनेच्या संचालकानं असं बोलावं का? संघटना कोणाच्या बाजूची? एक पक्ष म्हणाला, त्यांचं नाव घेऊन निषेध करा. दुसरा म्हणाला, ते त्यांचं वैयक्तिक मत, आणि संघटना सर्वांची आहे.

पुढे २०१८ च्या मार्चमध्ये सॅन फ्रान्सिस्कोला खेळवाल्यांच्या मोठ्या मेळाव्यात ‘युनियन हवी का नको’ यावर चर्चा ठेवली गेली. चर्चा चालवायला याच संघटनेच्या कार्यकारी संचालक जेन मॅक्लीन. विषयाच्या नावातच युनियनचे फायदे, तोटे आणि परिणाम असं सगळं होतं. थोडक्यात, साधकबाधक चर्चा! नोकरदार मंडळी पत्रकं घेऊन तिथं पोचली, आणि त्या हालचालीतून ‘गेम वर्कर्स युनाइट’ नावाची वेगळीच चळवळ उभी राहिली. २०२५ च्या मार्चमध्ये, पुन्हा सॅन फ्रान्सिस्कोलाच, खेळ बनवणाऱ्या कामगारांची युनियनही जाहीर झाली. मधली सोळा-सतरा वर्षं विषय तहकूब होता, असं म्हणायला हरकत नाही.

हे सगळं मी आमच्या हिला सांगत होतो. ती तांदूळ निवडत होती. मी ओघात सांगितलं, की आपल्याकडेही २०२५ च्या जानेवारीत लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांचं आठवड्याला ९० तास कामाबद्दलचं बोलणं गाजलं होतं, आणि घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत बसणार, असंही ते म्हणाले होते.

ही म्हणाली, “त्यांच्या बायकोला कोणी विचारलं का, ती किती वेळ बघणार ते?” आणि पुन्हा तांदळात डोकं घातलं. तिच्याकडे तहकुबी नसते.

आता दुसऱ्या पक्षाची बाजूही ऐकली पाहिजे, नाहीतर माझ्या नावाला बट्टा. त्यांचं म्हणणं असं, की हे काम कोणी बळजबरीनं करत नाही. आवडीनं करतात. ज्याला आवड आहे त्याचे तास मोजणारे तुम्ही कोण?

या प्रश्नानं मला झोपू दिलं नाही, कारण आवड म्हणजे काय ते मी जवळून पाहिलं आहे. दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडसा, म्हणजे कागदोपत्री देसाईगंज, हे त्याचं मुख्य ठाणं. रात्री दहा-अकराला पडदा उघडतो आणि पहाटे कोंबडं आरवतं तेव्हा पडतो. दुसऱ्या रात्री दुसरं गाव, तोच रंग, तेच रडणं. २०२३ साली गडचिरोलीच्या परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा सगळ्या झाडीपट्टीची छाती फुगली होती. आवडीशिवाय असला हंगाम कोणी काढूच शकत नाही. वडशाच्या एका टपरीवर एकदा एक नट भेटले होते. गालावर आदल्या रात्रीचा रंग, हातात चहा. मी माझ्या मास्तरी आवाजात म्हटलं, “वा! कलेवरची निष्ठा म्हणजे ही!” ते म्हणाले, “नाटक आवडते जी गुर्जी, म्हून तं करतो. पन मले झोपबी आवडते ना!”

सगळा मुद्दा त्या ‘बी’मध्ये आहे. माणसाला एक गोष्ट आवडते याचा अर्थ दुसरी आवडत नाही असा होत नाही. आणि आवडीतली दुसरी मेख अशी, की ती एकट्याची राहत नाही. दहाजण आवडीनं रात्री बारापर्यंत बसले, की सातला उठणारा अकरावा गुन्हेगार ठरतो. दहांच्या खुशीनं अकराव्याची सक्ती तयार होते, आणि हुकूम तर कोणीच दिलेला नसतो. मालक म्हणतो मी सांगितलं नाही, दहाजण म्हणतात आम्ही सांगितलं नाही. अशा वेळी, कोणीच न दिलेला हा हुकूम चुकीचा आहे, हे सांगायला तरी कोणीतरी पाहिजे. संघटना त्यासाठीच असते ना?

आमच्याकडे या गोष्टीला जुना दाखला आहे. नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना काढली. अभ्यासक अजून सांगतात, की ती खरी संघटनाच नव्हती. तिला ना सभासदांची यादी होती, ना वर्गणी, ना नियमावली. माझ्यासारखा सेक्रेटरी तिथं एक दिवस टिकला नसता. पण १८९० च्या एप्रिलमध्ये लोखंड्यांनी दहा हजार कामगारांची सभा भरवली, तीत दोन बायकाही बोलल्या, आणि त्याच वर्षी १० जूनला गिरणीमालकांनी आठवड्याची सुटी मान्य केली. आपण सगळे जो रविवार लोळून काढतो, तो एका बिननियमाच्या संघटनेनं मिळवलेला आहे. नियम नव्हते, पण ती कोणाची आहे हे मालकालाही ठाऊक होतं आणि मजुरालाही.

इथवर आलो आणि मला माझी ट्रंक आठवली.

१९८७ साली मी गडचिरोली जिल्ह्यात, वसतिगृह असलेल्या एका शाळेत मास्तर होतो. शिक्षकांच्या संघटनेची आमच्याकडे छोटी शाखा होती. शाळेचे मुख्याध्यापक हेच शाखेचे अध्यक्ष. सेक्रेटरी मी. त्या वर्षी विज्ञानाला एक तरुण सर आले. दिवसा शिकवायचं, आणि रात्री वसतिगृहातली ऐंशी मुलं सांभाळायची, असं दुहेरी काम त्यांच्या गळ्यात पडलं. पावसाळा, साप, हिवताप. एकेका रात्री चार-चार पोरं तापानं फणफणलेली. सरांची बायको ब्रह्मपुरीला बाळंत झाली होती. मूल दोन महिन्यांचं झालं तरी बापानं त्याचं तोंड पाहिलं नव्हतं. त्यांनी शाखेला अर्ज दिला. मागणं एवढंच, की रात्रीचं काम सर्व शिक्षकांनी पाळीपाळीनं करावं, असं संघटनेनं शाळेला कळवावं.

सभा झाली. अध्यक्ष म्हणाले, आमच्या वेळी आम्ही तीन-तीन वर्षं हे केलं, सेवा म्हणून केलं, आवडीनं केलं. बाकीचे खाली पाहत होते, कारण पाळी लागली असती तर त्यांनाही लागली असती. मलाही. मी पेन काढलं आणि लिहिलं. काय लिहिलं ते वाचकांनी ओळखलंच असेल.

पुढच्या सभेत तो विषय आला नाही. सर वर्षभरात नोकरी सोडून गेले. बऱ्याच वर्षांनी वडशाच्या स्टँडवर भेटले, तर पुढे होऊन म्हणाले, “नमस्कार सर, तब्येत बरी आहे ना?” शिवी दिली असती तर मी कुठंतरी विसरून गेलो असतो. तो नमस्कार अजून विसरता येत नाही.

मी स्वतःला समजावत असे, की आपण कोणाची बाजू घेतली नाही. पण धानोरा तालुक्यात मेंढा लेखा गाव आहे. ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हणणारं. तिथली ग्रामसभा बहुमतानं नव्हे, सर्वांच्या सहमतीनं निर्णय घेते. एकाचं मन वळलं नाही तर विषय थांबतो. तहकुबी त्यांचीही आणि तहकुबी आमचीही. पण ते थांबतात ते त्या एकाचं ऐकून घ्यावं म्हणून. आम्ही थांबलो ते त्या एकाचं ऐकावं लागू नये म्हणून. कागदावर दोन्ही सारखंच दिसतं. मी ज्याला निःपक्षपातीपणा म्हणत होतो, तो मुख्याध्यापकांचा पक्ष होता. अक्षर फक्त माझं होतं.

भाचीला फोन केला. म्हटलं, “ठराव मांड. साहेब मंडळात असले तरी चालतील. पण मंडळाला निदान दोन गोष्टी सांगता आल्या पाहिजेत. आम्ही कोणाचे आहोत, आणि कशाला आम्ही चूक म्हणतो. तेवढंही जमत नसेल तर ते मंडळ चहापाण्याचं आहे, अशी पाटी लावा. कोणी फसणार नाही.”

“आणि नोकरी गेली तर?”

या प्रश्नाला मी जागेवरच अडलो. पेन्शनवर बसून दुसऱ्याच्या नोकरीवर शूर होणं सोपं असतं, आणि शौर्य दाखवण्याची माझी वेळ १९८७ साली होऊन गेली. म्हटलं, “ते तू ठरव. नाही मांडलास तरी मामा तुला भित्री म्हणणार नाही, तो हक्क त्याला नाही. पण मांडलास तर एकटी उभी राहू नकोस, सह्या घेऊन जा. आणि इतिवृत्तात ‘चर्चा झाली’ एवढंच लिहू देऊ नकोस. तू काय मागितलंस आणि कोण काय म्हणालं, ते नावानिशी लिहून घे.”

काल तिचा निरोप आला. चार सह्या झाल्या आहेत. सभा परवा आहे.

मी ट्रंक उघडून ते जुनं इतिवृत्ताचं पुस्तक काढलं. ते पान सापडलं. अक्षर खरोखर सुंदर आहे. मग पान उलटलं, तर मागच्या कोऱ्या पानांवर आमच्या हिनं कोणे एके काळी दुधाचा हिशेब लिहिलेला. ‘ता. ४. दूध पातळ. सांगितले. ता. ५. पुन्हा पातळ. पैसे कापले. ता. ६. दूध चांगले.’

तीन दिवसांत विषय निकालात! ना साधक, ना बाधक. मी बराच वेळ ती दोन पानं शेजारी शेजारी धरून पाहत बसलो. मग पेन काढलं आणि माझ्या त्या वाक्याखाली, अडतीस वर्षं उशिरा, लिहिलं : ‘सरांचं मागणं बरोबर होतं. सेक्रेटरीला ते त्याच दिवशी कळलं होतं.’ आणि खाली सही केली.

हिनं खांद्यावरून डोकावून पाहिलं. म्हणाली, “अक्षर बिघडलं हो तुमचं.”